सातवी बरणी

मी कपाट बोलतोय. अलिबागला समुद्राच्या वाऱ्यावर एक बांधकामाची कचेरी आहे, तिच्या मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. दहा खण, दोन दारं, एक पितळी कुलूप. माणसं समजतात की कपाटाला कान नसतात, म्हणून ती माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. मी सगळं ऐकतो आणि पोटात ठेवतो. पोटात ठेवणं हाच माझा धंदा.

पण परवा माझ्या डोक्यावर पुन्हा बरण्या आणून ठेवल्या. काचेच्या, ओल्या मातीने भरलेल्या. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कोणी ऐको न ऐको, मला आता बोललंच पाहिजे.

माझा जन्म सत्तेचाळीस सालचा, देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या थंडीतला. त्याआधी मी थळच्या नीराबाईचा मचवा होतो. एका सकाळी तो मचवा आपसूक किनाऱ्याला लागला. आत जाळी होती, पाण्याचं मडकं होतं, माणसं नव्हती. नीराबाईने तो पुन्हा पाण्यात घातला नाही. चौलचा मोरू सुतार कचेरीसाठी जुनं सागवान शोधत आला, तेव्हा तिने मचवा त्याला देऊन टाकला. फळ्या बैलगाडीत चढताना ती जवळ आली आणि मोरूला म्हणाली, "ह्याला पानी कलतं. उधाण आला का ह्यो घाम सोडतो. ध्यानात ठेव."

मोरूने मान हलवली आणि मला कापून, तासून, रंधा मारून कपाट केलं. कामाला तो चोख होता. पण लाकडातलं मीठ काही रंध्याने निघत नाही. अमावस्या-पौर्णिमेला भरती वाढली की माझ्या फळ्या फुगतात, दारं धरून बसतात. कचेरीतले लोक मोरूच्या नावाने बोटं मोडतात. बिचाऱ्याचा काय दोष?

पहिली काही वर्षं मी अण्णांच्या हाताखाली काढली. अण्णा म्हणजे जुने हेडक्लार्क. त्यांची रीत अशी की ज्या गावाचं काम, त्या गावाच्या रुमालात त्याचे सगळे कागद. जमिनीचा कागद असो, चुन्याचा असो, मजुरांचा असो, एका लाल फडक्यात बांधायचे आणि माझ्यात कोंबायचे. कुठला रुमाल कुठे आहे हे एकट्या अण्णांना ठाऊक. एका पावसाळ्यात ते तापाने अंथरुणाला खिळले आणि कचेरी आंधळी झाली. पुलाचा नकाशा सापडेना. साहेब माझ्या पुढ्यात फतकल मारून बसले आणि रुमालांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून शोधत राहिले. काशीदकडचा एक रुमाल तर वाळवीने पुरता फस्त केला होता, आणि ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून सांगतो, अण्णांच्या रीतीसाठी मी गळा काढणार नाही.

अण्णा गेले आणि त्यांच्या जागी दयाराम आला. दयाराम तिवरखारचा. तिवरखार म्हणजे खाडीच्या काठी, बांधाच्या आड वसलेलं भातशेतीचं गाव. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात आणि घरं. भरतीला खाडीचं पाणी गावच्या उंबरठ्यांहून वर चढतं. मध्ये बांध आहे म्हणून गाव आहे. बांध फुटला तर त्याला तिकडे खांड गेली म्हणतात. खांड गेल्याची हाक आली की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा, हा तिथला कायदा. ज्या घरचा माणूस आला नाही, त्या घराशी गाव बोलत नसे. दयारामच्या घरातून त्याचा बाप विठोबा जायचा. पोरगा शिकला, कचेरीत चिकटला, म्हणून विठोबाची मान त्या पंचक्रोशीत ताठ झाली होती.

दयारामचे साहेब होते कर्णिक. किडकिडीत माणूस, पायांना कायम चिखल. एक दिवस मुंबईहून परिपत्रक आलं. परदेशात म्हणे बांधकामाचे कागद विषयवार आकड्यांनी लावतात. सगळीकडे तेच आकडे, त्यामुळे कोणीही नवा माणूस यावा आणि हवा तो कागद काढावा. आता आपल्याकडेही तसंच करायचं. त्याच सुमाराला नवे पैसे आले होते, आण्यांची सवय मोडून लोक दहाच्या हिशेबात अडखळत होते. सारं जगच दहाच्या पाढ्यात बसवायचं चाललं होतं. मग मी तर दहा खणांचाच. मला जणू याच कामासाठी घडवलं होतं.

कर्णिक साहेबांनी दयारामला शेजारी बसवून शिकवलं. एक म्हणजे जमीन, दोन म्हणजे माती, पाच म्हणजे उघाडी, सहा म्हणजे दुरुस्ती. शेवटचा नऊ म्हणजे इतर, ज्याला कुठेच जागा नाही ते. शून्याचा खण पत्रव्यवहाराचा. उघाडी म्हणजे बांधातलं दगडी दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ते बाहेर सोडतं आणि भरतीला आपोआप मिटतं.

"कागदाला घर एकच," साहेब म्हणाले. "पण त्याचं नातं दुसऱ्या खणाशी असेल, तर तिथे चिठ्ठी टाकायची, की अमुक आकडा पाहा. चिठ्ठी विसरलास तर सगळं व्यर्थ."

दयारामला या आकड्यांचं वेडच लागलं. त्याने अण्णांचे रुमाल सोडले, कागद सुटे केले, पुसले, प्रत्येकाच्या कपाळावर आकडा चिकटवला. चिठ्ठ्यांसाठी त्याने जाड गुलाबी कागद मागवला आणि तळहाताएवढे तुकडे केले. घरीसुद्धा तो हेच बोलायचा. त्याची बायको सगुणा त्याला विचारायची की भाकरी कितव्या खणात ठेवू, आणि हे तोच हसत हसत कचेरीतल्या सदा शिपायाला सांगायचा. मीही खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात काय आहे हे मला कळत होतं.

मग तिवरखारचं काम निघालं. मातीचा जुना बांध काढून सरकार तिथे नवा पक्का बांध आणि दगडी उघाडी बांधणार होतं. कर्णिक साहेबांनी तिथे ठिकठिकाणी लोखंडी नळी ठोकून खोलवरची माती वर काढली, बरण्यांत भरली आणि बरण्या माझ्या डोक्यावर मांडल्या. बाकीच्या बरण्यांतली माती चार दिवसांत खाली बसली, वर नितळ पाणी आलं. सातव्या बरणीतली बसेना. काळी, लिबलिबीत. रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला की ती काचेच्या आत थरथरायची, ट्रक लांब गेल्यावरसुद्धा. मला तो थरकाप फळ्यांमधून तळापर्यंत जाणवायचा. असली माती मी मचवा असताना ओळखत होतो. तिच्यावर नांगर धरत नाही.

ती सातवी बरणी उघाडीच्या जागेची होती. साहेबांनी त्यावर एक कागद लिहिला. इथे नळी कितीही ठोकली तरी कठीण तळ लागत नाही, खोल खुंट मारल्याशिवाय या जागेवर दगडी काम उभं करू नये, जमल्यास जागाच बदलावी. कागद दयारामच्या हातात देताना ते म्हणाले, "उघाडीचं काम निघेल तेव्हा हा कागद समोर आला पाहिजे."

"येईल साहेब. चिठ्ठी टाकतो," दयाराम म्हणाला.

आणि त्याने टाकलीही. कागद मातीचा, म्हणून दुसऱ्या खणात गेला, त्याला आकडा मिळाला दोन बटे सात. पाचव्या खणात गुलाबी चिठ्ठी गेली: दोन बटे सात पाहा. बरणीवर साहेबांच्या अक्षरात 'तिवरखार, उघाडीची जागा' असं लिहिलं होतं. दयारामने त्यावर नीट कडा दाबून नवी पट्टी चिकटवली. तिच्यावर फक्त आकडा होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या कचेरीत हत्यारांची पूजा होते. फावडी, ओळंबे, टेप, दुर्बीण सगळं ओळीने मांडतात. माझीही पूजा होते. सदा मला पूर्ण रिकामा करतो, आतून पुसतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो आणि कागद होते तसे परत ठेवतो. सदा देवभोळा आणि कामाला वाघ. त्या वर्षी त्याने प्रत्येक खणाचे कागद वेगळे काढून ठेवले, एकही इकडचा तिकडे केला नाही. खणांच्या तळाशी मात्र त्याला गुलाबी कपटे सापडले. छान जाड कागद, तळहाताएवढा. त्याने त्यांच्या पुड्या केल्या आणि प्रसादाची खोबरं-साखर वाटली.

सगळ्यांनी प्रसाद खाल्ला. दयारामने आपली पुडी घरी बापासाठी नेली. पाचव्या खणातली ती चिठ्ठी अशी तिवरखारला पोचली आणि विठोबाने त्यातली साखर तोंडात टाकून ती चुलीत घातली. जळता जळता दयारामला तिच्यावरचा आकडा दिसला, आणि दसऱ्याची सुट्टी संपल्यावर त्यानेच हे कपाळाला हात लावून सांगितलं. सदा खजील झाला. दयारामने त्याला समजावलं, की मी पुन्हा लिहून काढतो. चालू कामांच्या चिठ्ठ्या त्याने आठवून आठवून लिहिल्याही. तिवरखारच्या उघाडीला तेव्हा मंजुरी यायची होती. ती नंतर लिहू, असं त्याने ठरवलं आणि ते नंतरवरच राहिलं. त्याच महिन्यात कर्णिक साहेबांची घाटावर बदली झाली.

नवे साहेब वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मेहनती होते, वेळेवर यायचे, कोणाचं मन दुखवायचे नाहीत. मंजुरी आली त्या दिवशी ते बाहेरच्या खोलीतून म्हणाले की तिवरखारच्या उघाडीचे सगळे कागद आणा, आज पाया ठरवायचा आहे.

ती अमावस्या होती. समुद्र फुगला होता आणि माझ्या फळ्यांतून घाम फुटला होता. मी माझी दारं आवळून धरली. दयारामने ओढलं, सदाने ओढलं, मी सोडेना. एका कपाटाच्या हातात याहून जास्त काय असतं? शेवटी सदाने मेणबत्ती आणून कडांना मेण चोळलं, दोघांनी मिळून हिसका मारला आणि दारं उघडली. दयारामने पाचवा खण उपसून नेला. दुसरा खण त्याच्या कोपराशी होता.

"हे सगळे?" साहेबांनी विचारलं.

"पाचचे सगळे, साहेब."

एक कागद इकडचा तिकडे नाही, क्रम बरोबर, घड्या सरळ. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. इकडे मागच्या खोलीत माझ्या डोक्यावर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, सातवी बरणी आकडा लावून बसली होती. नेहमीच्या पायावर, बिनखुंटांची उघाडी ठरली.

ती बांधून झाली तेव्हा गावाने तोरण बांधलं. गावच्या बैठकीत ठराव झाला की आता बांध सरकारचा आहे, घरटी माणसाची गरज नाही. फावडी माळ्यावर गेली. त्या आनंदात विठोबा एकदा पोह्यांचं गाठोडं घेऊन कचेरीत आला. सगळ्यांना पोहे दिले आणि मग मागच्या खोलीत येऊन माझ्या दारावर हात ठेवून उभा राहिला. रापलेला, खरबरीत हात होता.

"आमचा बांध ह्यात हाय व्हय?" त्याने विचारलं.

"व्हय बा," दयाराम म्हणाला. "सगला हितंच हाय."

खरंच होतं ते. सगळं माझ्यातच होतं.

पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी उघाडीवरच्या राखणदाराचा कागद आला, की भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे आणि उघाडी खाडीच्या अंगाला किंचित कलल्यासारखी वाटते. कागद दुरुस्तीचा, म्हणून तो सहाव्या खणात गेला. साहेबांनी सिमेंट भरून घ्यायचा हुकूम दिला, तोही सहाव्यात गेला. आता दोनमध्ये माती होती, पाचमध्ये भिंत, सहामध्ये तडा. तिघांच्या मध्ये बोटभर जाडीची फळी. मला वाटायचं ही फळी कुजावी, वाळवीने खावी, कागद एकमेकांवर कोसळावेत. पण मोरूचं काम चोख होतं.

श्रावणातल्या अमावस्येला दुपारच्या भरतीला वारा सुटला. कचेरीत दिवसाढवळ्या अंधारून आलं. बाहेर ट्रक नव्हता, काही नव्हतं, तरी सातवी बरणी थरथरायला लागली. सदा खिडक्या लावत होता, त्याने ते पाहिलं आणि हात जोडले. दयाराम म्हणाला की वाऱ्याने असेल.

संध्याकाळी तिवरखारचा नामा चिखलाने माखून दारात आला. त्याला पाहून दयाराम उठून उभा राहिला. नामाने दाराला टेकून सांगितलं. उघाडी आधी खचली, मग तिच्यासकट बांध गेला. हाक झाली, पण कोणी निघेना. सरकारला कळवा, कचेरीत माणूस पाठवा, असं म्हणत सगळे घराच्या ओट्यांवर चढले. एकटा विठोबा माळ्यावरचं फावडं काढून निघाला. सगुणाने त्याला अडवलं होतं.

"त्यो बोलला, मांजा पोऱ्या त्या बांधाचा कारकून हाय," नामा म्हणाला. "आमच्या घरचा मानूस गेला पायजे."

विठोबा दोन दिवसांनी ओहोटीला सापडला. त्याआधी त्याचं मुंडासं सापडलं, तिवराच्या झाडांत अडकलेलं. भात तर पार गेलं होतं. खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढची कित्येक वर्षं काही पिकत नाही. सगुणा आणि मुलं वाचली, तेवढं दैव.

चौकशीला मुंबईहून मोठे अधिकारी आले. माझ्या समोरच खुर्च्या मांडून बसले. नवे साहेब चेहरा उतरवून कोपऱ्यात उभे होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, "बांधण्यापूर्वी तिथल्या मातीची तपासणी झाली होती का?"

दयाराम उठला. त्याने माझी दारं उघडली, दुसऱ्या खणात हात घातला आणि कागद काढून टेबलावर ठेवला. शोधावं लागलं नाही. मोठ्या साहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या अहवालात पुढे आलं की पाया चुकला, जबाबदारी ठरवणं अवघड आहे, मात्र कचेरीची कागदपत्रं वाखाणण्याजोगी ठेवली आहेत. सदा ते वाक्य मोठ्याने वाचत होता, तो मध्येच थांबला. दयाराम माझ्या डोक्यावरची सातवी बरणी खाली घेऊन तिची पट्टी नखाने खरवडत होता. आकडा निघाला, खालचं गावाचं नाव दिसायला लागलं.

टपालात विठोबाचा पंचनामाही आला. त्यावरही आकडा घालायचा होता. दयारामने तो हातात धरून एकेक खण पाहिला. जमीन नाही, माती नाही, उघाडी नाही, दुरुस्ती नाही. मजुरांचा खण होता, पण विठोबा मजूर नव्हता. तो घरचा माणूस म्हणून गेला होता. रीतीप्रमाणे अशा कागदाला जागा एकच होती, नऊ, इतर.

दयारामने कागद नवव्या खणात टाकला नाही. त्याने दुसऱ्यातला कर्णिक साहेबांचा कागद काढला, पाचव्यातला नकाशा काढला, सहाव्यातला तड्याचा कागद काढला, त्यांच्यावर पंचनामा ठेवला आणि पिशवीतून बापाचं मुंडासं काढून त्यात सगळं गच्च बांधलं. वर चिठ्ठी खोचली, 'तिवरखार'. आकडा घातला नाही. ते गाठोडं त्याने माझ्या डोक्यावर बरणीशेजारी ठेवलं आणि राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. जाताना त्याने माझ्या दारावर हात ठेवला. बापासारखाच तळहात होता, फक्त मऊ.

आता तो तिवरखारलाच असतो असं सदा सांगतो. गावाने मातीचा बांध पुन्हा उभा केला आहे. हाक आली की घरटी एक माणूस निघतो आणि त्या घरातून दयाराम जातो.

या वर्षी कचेरीत नवा कारकून आला आहे. टापटिपीचा, मन लावून काम करणारा. आल्या आल्या त्याने माझ्या डोक्यावरची जुनी बरणी मागच्या अंगणात ओतून टाकली. मग ते गाठोडं दिसलं, बेशिस्तीचं, बिनआकड्याचं. त्याने ते सोडलं. प्रत्येक कागदाचं कपाळ पाहून तो ज्या त्या खणात घातला. दोनचा दोनमध्ये, पाचचा पाचमध्ये, सहाचा सहामध्ये. पंचनाम्यावर आकडा नव्हता, म्हणून त्याने थोडा विचार केला आणि त्यावर नऊ घातला. मुंडाशाचं फडकं सदाने त्याच्या हातातून काढून घेतलं, म्हणून ते पुसायला गेलं नाही.

आणि परवा नव्या बरण्या आल्या. पलीकडच्या खाडीवर दुसरी उघाडी बांधायची आहे. बरण्यांवर आकडे आहेत, गावाचं नाव नाही. पाचव्या खणात मी पाहिलं, चिठ्ठी नाही.

तुम्ही कोणी त्या गावचे असाल, तर एकदा कचेरीत या. आकडा विचारू नका, तो हे लोक चटकन देतील. गावाचं नाव घेऊन विचारा, आमच्या पायाखाली काय लागलं म्हणून, आणि सगळे खण उघडायला लावा. दारं धरून बसली तर सदाकडे मेणबत्ती आहे. पण अमावस्येच्या आत या, त्या दिवशी पाया ठरायचा आहे. बाकीच्या बरण्यांतली माती खाली बसली आहे. एक अजून बसलेली नाही.